ग्रॅफाईटचे गुणधर्म पाठ न करता रचनेवरून कसे काढावेत

‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नात ग्रॅफाईट, म्हणजे पेन्सिलीच्या कांडीत असते ते कार्बनचे रूप, हटकून येते. ते मऊ का, विजेचे सुवाहक का, वंगण म्हणून का वापरतात, त्याची घनता हिऱ्यापेक्षा कमी का, अशी चार-पाच विधाने आणि त्यांची चार-पाच कारणे विद्यार्थी सुटी सुटी पाठ करतात. मग प्रश्न जरा फिरवून आला की पाठांतर कामी येत नाही. वास्तविक या सगळ्या उत्तरांचे मूळ तीनच गोष्टींत आहे. ग्रॅफाईटच्या एका थरातील शेजारच्या दोन कार्बन अणूंमधील अंतर ०.१४२ नॅनोमीटर असते, लगतच्या दोन थरांमधील अंतर ०.३३५ नॅनोमीटर असते, आणि प्रत्येक कार्बन अणूचा एक इलेक्ट्रॉन कोणत्याही एका बंधात जखडलेला नसतो. या तीन गोष्टी हाताशी ठेवून प्रत्येक गुणधर्माला दोन प्रश्न विचारावेत. या क्रियेत नेमका कोणता बंध ताणला किंवा तोडला जातो? आणि ती क्रिया थराच्या दिशेने घडते की थरांना छेदून? माझ्या मते यातला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे, आणि वर्गात तोच सर्वांत कमी विचारला जातो. मराठवाड्यातील नववी ते अकरावीच्या वर्गांना विज्ञान शिकवणारे शिक्षक आणि आपल्या आपण अभ्यास करणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून ही रीत येथे मांडली आहे. तिला लागणारे साहित्य गावात किंवा तालुक्याच्या बाजारात मिळेल असेच आहे.

आधी रचना, मग गुणधर्म

कार्बनचे इलेक्ट्रॉन संरूपण २, ४ आहे, म्हणजे बाहेरच्या कवचात चार इलेक्ट्रॉन आहेत. हिऱ्यात हे चारही इलेक्ट्रॉन चार शेजाऱ्यांशी सहसंयुज बंध, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीतून होणारे बंध, करण्यात खर्ची पडतात आणि ते बंध अवकाशात चार दिशांना पसरतात, त्यामुळे हिऱ्याला आडवी-उभी अशी वेगळी बाजू उरत नाही. ग्रॅफाईटमध्ये मात्र प्रत्येक अणू तीनच शेजाऱ्यांशी बांधला जातो. ते तीन बंध एकाच प्रतलात आणि परस्परांशी १२० अंशांचा कोन करून असतात, त्यामुळे अणू जोडत जाताना षटकोनांचा सपाट पत्रा तयार होतो. उरलेला चौथा इलेक्ट्रॉन या पत्र्याच्या वर आणि खाली पसरलेल्या कक्षकात, म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याच्या जागेत, असतो. शेजारच्या प्रत्येक अणूचेही असेच कक्षक असल्यामुळे ते सगळे एकमेकांत मिसळतात आणि हे चौथे इलेक्ट्रॉन संपूर्ण थराचे सामाईक होतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने ही थरांची मांडणी जॉन डेस्मंड बर्नाल यांनी १९२४ मध्ये स्पष्ट केली. दोन थरांच्या मधे सहसंयुज बंध नाही. तेथे केवळ व्हॅन डर वाल्स प्रकारचे दुर्बळ आकर्षण आहे.

एवढे फळ्यावर लिहून थांबू नये, प्रतिकृती करावी, कारण पाठ्यपुस्तकातील चित्रांत थर बहुधा फार जवळ दाखवलेले असतात आणि सगळा घोळ तेथूनच सुरू होतो. ज्वारीची काढणी झाली की वाळलेली धाटे कोठेही मिळतात. ज्या धाटांच्या मुले खेळण्यातल्या बैलगाड्या करतात तीच येथे उपयोगी पडतात. धाटाची टणक साल काढून आतील मऊ गाभ्याचे सारख्या आकाराचे लहान तुकडे करावेत, हे अणू. सालीच्या बारीक काड्या काढाव्यात, हे बंध. कागदावर कंपासने ५ सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून तेवढ्याच अंतराने परिघावर सहा खुणा केल्या की ५ सेंटीमीटर बाजूचा षटकोन मिळतो. त्यावर तुकडे ठेवून काड्या अशा कापाव्यात की एका तुकड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर ५ सेंटीमीटर भरेल. मध्ये एक षटकोन आणि त्याच्या सहा बाजूंना सहा षटकोन असा थर करायला २४ तुकडे आणि ३० काड्या लागतात. असे दोन थर करावेत.

आता मुख्य काम. ०.३३५ ला ०.१४२ ने भागले तर २.३६ येते, म्हणून ५ सेंटीमीटरच्या काडीला शोभेल असे थरांमधील अंतर ११.८ सेंटीमीटर होते. वरचा थर दोऱ्यांनी टांगून हे अंतर पट्टीने मोजून ठेवावे. हे अंतर प्रत्यक्ष पाहिल्यावर पाहणाऱ्याला बहुधा वाटते की काही तरी चुकले आहे, इतके ते मोठे दिसते. नेमकी हीच गोष्ट मनात ठसली पाहिजे. त्यानंतर वरचा थर कोणत्याही एका काडीच्या दिशेने एका काडीएवढा, म्हणजे ५ सेंटीमीटर, सरकवावा. आता वरून पाहिले तर मधल्या भागातील निम्मे अणू खालच्या अणूंच्या बरोबर डोक्यावर आलेले दिसतात आणि उरलेले निम्मे खालच्या षटकोनांच्या रिकाम्या मध्यांवर. तिसरा थर केला तर तो पहिल्याच्या बरोबर वर येतो. नैसर्गिक ग्रॅफाईटमध्ये हीच मांडणी प्रामुख्याने आढळते.

प्रतिकृतीच्या कडेला बारा अणू असे आहेत की ज्यांना तीनऐवजी दोनच काड्या लागल्या आहेत. खऱ्या स्फटिकात थर याच्या लक्षावधी पट पसरलेला असतो, म्हणून कडेचे अणू एकूण संख्येच्या मानाने नगण्य असतात, हे विद्यार्थ्यांना सांगावे. मात्र ते बारा अणू लक्षात ठेवावेत. ग्रॅफाईट जळते कसे, हे समजून घेताना त्यांची गरज पडेल.

घनता स्वतः काढून पाहावी

रचना खरोखर समजली की नाही याची सर्वांत चांगली कसोटी म्हणजे घनतेचा हिशोब. मी तो शिकवण्याच्या क्रमात पहिला ठेवतो, कारण यात केवळ दोन अंतरे आणि कार्बन अणूचे वस्तुमान एवढेच लागते आणि उत्तर थेट मोजलेल्या मूल्याशी ताडून पाहता येते.

एका षटकोनाची बाजू ०.१४२ नॅनोमीटर. नियमित षटकोनाचे क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाच्या २.५९८ पट असते, म्हणून ते ०.०५२४ चौरस नॅनोमीटर येते. या षटकोनाच्या वाट्याला किती अणू येतात? कोपरे सहा आहेत, पण प्रत्येक कोपऱ्यावरचा अणू तीन षटकोनांत सामाईक आहे, म्हणून वाट्याला येतात दोन. येथे विद्यार्थी घाईने सहा लिहितात आणि उत्तर तिप्पट येते. प्रतिकृतीवर बोट ठेवून एकच अणू किती षटकोनांत मोजला जातो हे दाखवले की शंका मिटते. थराची जाडी म्हणून ०.३३५ नॅनोमीटर घेतले की एका षटकोनाने व्यापलेले घनफळ ०.०१७५५ घन नॅनोमीटर होते, म्हणजे १.७५५ गुणिले १० चा उणे २३ वा घात एवढे घन सेंटीमीटर. एका कार्बन अणूचे वस्तुमान १.९९३ गुणिले १० चा उणे २३ वा घात एवढे ग्रॅम असते, दोन अणूंचे ३.९८६ गुणिले तोच घात. भागाकार करताना घात कटतात आणि ३.९८६ भागिले १.७५५ बरोबर २.२७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर हे उत्तर मिळते. शुद्ध ग्रॅफाईटची घनता सुमारे २.२६ मानली जाते.

हिऱ्याची घनता ३.५१ आहे. हिऱ्यातील कार्बन-कार्बन अंतर ०.१५४ नॅनोमीटर, म्हणजे ग्रॅफाईटच्या थरातील अंतरापेक्षा जास्त आहे, तरीही हिरा अधिक घन आहे. याचा अर्थ ग्रॅफाईट हलके असण्याचे कारण थरात नाही, थरांमधील मोकळ्या जागेत आहे. थराच्या आत तर ग्रॅफाईटचे अणू हिऱ्यातल्यापेक्षा जवळ आहेत आणि त्यांच्यातील बंध अधिक बळकट आहेत. हा मुद्दा पुढच्या प्रत्येक उत्तरात लागणार आहे.

मऊपणा आणि घसरणे

‘ग्रॅफाईट मऊ असते कारण त्यातील बंध दुर्बळ असतात’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत सर्रास दिसते. ते अर्धे खोटे आहे. ग्रॅफाईटमधील सहसंयुज बंध मुळीच दुर्बळ नाहीत. दुर्बळ आहे ते थराथरांमधील आकर्षण. नखाने ओरखडा काढला किंवा पेन्सिल कागदावर ओढली तेव्हा थरातील बंध तुटण्याची गरजच पडत नाही, थर एकमेकांपासून सुटतात आणि त्यांचे पापुद्रे कागदाच्या तंतूंवर चिकटून राहतात. दुरडीत रचलेल्या भाकरींच्या चवडीतून वरची भाकरी अलगद उचलता येते, ती मोडावी लागत नाही, तसेच हे आहे. उत्तर लिहिताना म्हणून वाक्य असे असावे: ‘ग्रॅफाईटमध्ये प्रत्येक थरातील अणू मजबूत सहसंयुज बंधांनी जोडलेले असतात, परंतु दोन थरांमध्ये दुर्बळ व्हॅन डर वाल्स बले असल्यामुळे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून ग्रॅफाईट मऊ असते.’ यात बंध, दिशा आणि परिणाम असे तिन्ही आले.

थर किती पातळ आहेत याची जाणीव देण्यासाठी दोन आकडे पुरेसे आहेत. १ मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाईटमध्ये सुमारे ३० लाख थर असतात. आणि वरच्याच हिशोबावरून काढले तर १ ग्रॅम ग्रॅफाईटचे सगळे थर सुटे करून एकाला एक लावून अंथरले तर सुमारे १,३०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १३ गुंठे जमीन झाकली जाईल. असा एकच थर वेगळा करण्याचे काम मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाईम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव यांनी २००४ मध्ये केले, त्याला ग्राफीन म्हणतात. त्यांनी त्यासाठी चिकटपट्टी वापरली: पट्टी ग्रॅफाईटवर लावून ओढायची, निघालेला पापुद्रा पुन्हा दुसऱ्या पट्टीने दुभंगायचा, असे करीत शेवटी एकाच अणूच्या जाडीचा थर त्यांच्या हाती आला. २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना ग्राफीनवरील संशोधनासाठी मिळाले. चिकटपट्टीसारख्या साध्या साधनाने हे का साधले, याचे उत्तर पुन्हा त्याच दुर्बळ आकर्षणात आहे.

वंगणाच्या बाबतीत मात्र थोडे थांबावे लागते, कारण येथे पाठ्यपुस्तकातील स्पष्टीकरण अपुरे आहे आणि हुशार विद्यार्थ्याला ते पूर्ण सांगितले पाहिजे. थर सरकतात म्हणून ग्रॅफाईट वंगण आहे, एवढेच खरे असते, तर ते निर्वात जागेतही तितकेच चांगले चालले असते. तसे होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खूप उंचीवर उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतील कार्बनचे ब्रश विलक्षण वेगाने झिजून भुकटी होऊ लागले, आणि शोध घेतल्यावर लक्षात आले की त्या उंचीवरील हवेत पाण्याची वाफ फार कमी असते. ग्रॅफाईट चांगले घसरते ते पाण्याचे किंवा अन्य वायूंचे रेणू त्याच्या पृष्ठभागावर आणि विशेषतः कणांच्या कडांवर चिकटलेले असतात तेव्हा. कडेच्या अणूंना एक शेजारी कमी असतो, म्हणून ते समोरच्या पृष्ठभागाला घट्ट धरू पाहतात. पाण्याची वाफ त्या मोकळ्या जागा भरून काढते आणि धरण सुटते. अवकाशयानांत म्हणूनच ग्रॅफाईटऐवजी मॉलिब्डेनम डायसल्फाईड वापरतात, ज्याला वाफेची गरज लागत नाही. रचना गुणधर्म ठरवते हे खरेच, पण ग्रॅफाईटच्या घसरण्यात रचनेबरोबर भोवतालच्या हवेचाही वाटा आहे.

व्यवहारात याचा उपयोग साधा आहे. उन्हाळ्यात काळ्या रानाची बारीक धूळ सगळीकडे बसते आणि तेल घातलेल्या कुलपात ती चिकटून लगदा होतो. त्याऐवजी मऊ पेन्सिलीची, म्हणजे ४बी किंवा ६बी पेन्सिलीची, कांडी घासून काढलेली भुकटी किल्लीच्या दातांवर लावून किल्ली चार-पाच वेळा आत-बाहेर फिरवावी. कोरड्या वंगणाला धूळ धरत नाही. बोअरवेलमधील पाण्याने भरलेल्या सबमर्सिबल मोटारीच्या तळाशी जे थ्रस्ट बेअरिंग असते, त्यातही बहुधा ग्रॅफाईटयुक्त कार्बनची चकती पोलादाच्या पट्ट्यांवर फिरते. मोटार उघडलेली असताना दुरुस्तीच्या दुकानात जाऊन ती चकती बोटाने घासून पाहावी. बोटावर उमटलेला करडा-काळा डाग हा पेन्सिलीच्याच जातीचा असतो.

वीज कोठून वाहते

थराच्या सामाईक मालकीचे चौथे इलेक्ट्रॉन विभवांतर लावताच थरातून वाहू लागतात, म्हणून अधातू असूनही कार्बनचे हे अपरूप विजेचे वाहक आहे. हिऱ्यात चारही इलेक्ट्रॉन बंधांत जखडलेले असल्याने वाहायला कोणी उरत नाही. इथपर्यंत सगळे लिहितात. दिशेचा प्रश्न विचारला की पुढचे निघते: हे इलेक्ट्रॉन थराच्या आत मोकळे आहेत, पण एका थरातून दुसऱ्या थरात जायला मधे मोठे अंतर आहे. चांगल्या स्फटिकाची रोधकता थराच्या दिशेने तांब्याच्या सुमारे वीस-पंचवीस पट असते, तर थरांना छेदून जाताना ती आणखी हजारो पटींनी वाढते. एकाच पदार्थाच्या एकाच तुकड्यात एवढा फरक असणे ही ग्रॅफाईटची खासियत आहे.

हे वर्गात दाखवण्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी, एक साधा लाल एलईडी, तीन तारा आणि ६बी किंवा ८बी पेन्सिल घ्यावी. जाड कागदावर अर्धा सेंटीमीटर रुंद आणि पाच सेंटीमीटर लांब पट्टा आखून तो पेन्सिलीने पुन्हा पुन्हा गिरवावा, इतका की कागद चकाकू लागेल. बॅटरीचे धन टोक तारेने पट्ट्याच्या एका टोकाला टेकवावे, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकवलेली तार एलईडीच्या लांब पायाला जोडावी, आणि आखूड पाय बॅटरीच्या ऋण टोकाला. खोली अंधारी करून पाहावे. मग दुसरी तार पट्ट्यावरून हळूहळू पहिल्या तारेकडे आणावी, तसतसा प्रकाश वाढताना दिसेल. दोन्ही तारांत निदान अर्धा सेंटीमीटर अंतर राहू द्यावे, नाही तर एलईडी जळेल, आणि घरातील वीजजोडणीवर हा प्रयोग कधीही करू नये.

त्यानंतर तसाच पट्टा २एच पेन्सिलीने काढून पाहावा. एलईडी लागत नाही किंवा जेमतेम मिणमिणतो. पेन्सिलीची कांडी ग्रॅफाईट आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाची असते. ही रीत फ्रान्समधील निकोला-जाक काँते यांनी १७९५ मध्ये शोधली. एच पेन्सिलीत माती जास्त आणि ग्रॅफाईट कमी, त्यामुळे ग्रॅफाईटचे कण एकमेकांना टेकत नाहीत आणि विजेची वाट तुटते. बी पेन्सिलीने गिरवलेल्या पट्ट्यात कण एकमेकांना टेकलेले असतात, शिवाय घासले गेल्याने बरेचसे कागदावर आडवे पडलेले असतात, त्यामुळे वीज बऱ्याच अंशी थरांच्या दिशेनेच जाते.

मिक्सरच्या मोटारीतील कार्बन ब्रश हे या दोन्ही गुणधर्मांचे एकत्र उदाहरण आहे. फिरत्या तांब्याच्या कॉम्युटेटरला वीज पोचवायची आणि त्याच वेळी त्याच्यावर घासत राहायचे, असे दुहेरी काम तो करतो. तांब्याचा ब्रश वीज अधिक चांगली वाहील, पण कॉम्युटेटर कापून काढील. मोठ्या प्रमाणावर ग्रॅफाईटच्या वाहकतेचा आणि उष्णता सोसण्याच्या गुणाचा उपयोग पोलाद वितळवणाऱ्या विद्युत कंस भट्टीच्या इलेक्ट्रोडमध्ये होतो. जालन्यातील पोलाद उद्योग पाहिलेल्या विद्यार्थ्याने येथे गल्लत करू नये. तेथे दिसणाऱ्या इंडक्शन भट्टीत इलेक्ट्रोड नसतो, तिच्यात धातूतच प्रवाह प्रवर्तित करून तो वितळवतात.

उष्णता: वहन, वितळणे आणि जळणे

तीन वेगळ्या गोष्टी येथे एकात मिसळल्या जातात. वहनाबद्दल पहिली दुरुस्ती अशी की ग्रॅफाईटमध्ये उष्णता मुख्यतः मुक्त इलेक्ट्रॉन वाहून नेत नाहीत. ती थरातील बळकट बंधांनी जोडलेल्या अणूंच्या कंपनांतून पुढे जाते. बंध ताठ आणि अणू हलका, म्हणून कंपने वेगाने पसरतात. उत्तम प्रतीच्या ग्रॅफाईटमध्ये थराच्या दिशेने उष्णतावहन तांब्याच्याही कित्येक पट असते, आणि थरांना छेदून ते शेकडो पटींनी कमी. मोबाईलमध्ये प्रोसेसरची उष्णता आडवी पसरवण्यासाठी ग्रॅफाईटचा पातळ पापुद्रा लावतात तो याच कारणाने.

ग्रॅफाईट वितळवायचे किंवा त्याचे बाष्प करायचे तर थर सुटे होऊन भागत नाही, थराच्या आतील सहसंयुज बंध तोडावे लागतात. म्हणून नखाने ओरखडा उमटणारा हा पदार्थ सामान्य दाबाला सुमारे ३,६०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाईपर्यंत टिकतो आणि तेव्हाही वितळत नाही, त्याचे संप्लवन होते, म्हणजे द्रव न होता थेट बाष्प होते. मऊपणा आणि उष्णतेला टिकून राहणे यांत विरोध नाही, कारण दोन क्रियांत वेगवेगळे बंध गुंतलेले आहेत. सराफ गल्लीत सोने आटवायची मूस बहुधा ग्रॅफाईट आणि मातीची असते. सोने १,०६४ अंशांना वितळते, ते कार्बनशी संयोग पावत नाही आणि मुशीच्या बाजूंना धरूनही राहत नाही, त्यामुळे रस पूर्ण ओतला जातो.

पण तीच मूस वापरून वापरून कडेला झिजते, पातळ होते. न वितळणे म्हणजे न जळणे नव्हे. हवेत तापवलेल्या ग्रॅफाईटचा ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साईड तयार होतो, आणि हे लाल तापण्याच्या सुमारासच सुरू होते. ही क्रिया थराच्या सपाट पृष्ठभागावरून क्वचित आणि कडांवरून सहज होते. प्रतिकृतीतील ते बारा अणू येथे उपयोगी पडतात: ज्या अणूचे दोनच बंध आहेत तो ऑक्सिजनला आधी सापडतो, तो निघून गेला की त्याचा शेजारी उघडा पडतो, आणि थर कडेकडून आत जळत जातो.

रंग आणि विरघळणे याबद्दल थोडक्यात. मोकळे इलेक्ट्रॉन दृश्य प्रकाशातील सर्व तरंगलांबी शोषू शकतात. एकटा थर अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे २.३ टक्के प्रकाश शोषतो, आणि लाखो थर एकावर एक असल्यावर काही पार जात नाही. काळा रंग म्हणजे कार्बन असे मात्र समजू नये. मराठवाड्याचा बहुतेक भाग ज्या लाव्हाच्या बेसाल्ट खडकाचा आहे, त्याचा काळेपणा लोहयुक्त खनिजांचा आहे. ग्रॅफाईट तयार होते ते कार्बनयुक्त गाळाचे खडक जमिनीत खोल दाब आणि उष्णता सोसतात तेव्हा. पाण्यात किंवा रॉकेलमध्ये ग्रॅफाईट विरघळत नाही, कारण प्रत्येक थर हा एकच अवाढव्य रेणू आहे आणि द्रावकाच्या रेणूंना त्याचे तुकडे करता येत नाहीत.

थरांमधील जागेत लिथियम

मोकळ्या जागेचा आजच्या काळातला सर्वांत मोठा उपयोग मोबाईल आणि विजेवर चालणारी दुचाकी यांच्या बॅटरीत आहे, म्हणून अकरावीच्या विद्यार्थ्यांनी हा भाग अवश्य सोडवावा. लिथियम-आयन बॅटरीचे ऋण इलेक्ट्रोड बहुधा ग्रॅफाईटचे असते. चार्जिंग होताना लिथियम थरांच्या मधे जाऊन बसते, बॅटरी वापरात असताना बाहेर येते. पूर्ण भरलेल्या अवस्थेत सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम असते. एका षटकोनाच्या वाट्याला दोन अणू, म्हणजे दर तीन षटकोनांमागे एक लिथियम. थरांमधील अंतर तेव्हा ०.३३५ वरून सुमारे ०.३७० नॅनोमीटर होते, आणि सरकलेले थर एकमेकांच्या बरोबर डोक्यावर येतात. थराच्या आतील बंध मात्र तुटत नाहीत, म्हणूनच ही आवक-जावक शेकडो वेळा होऊ शकते.

क्षमतेचा हिशोबही याच सूत्रावरून निघतो. सहा मोल कार्बनचे वस्तुमान ७२ ग्रॅम. त्यावर एक मोल लिथियम, म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉन, म्हणजे ९६,४८५ कूलोम. ३,६०० ने भागले की २६.८ ॲम्पिअर-तास. हे ७२ ग्रॅमने भागले तर प्रत्येक ग्रॅमला ३७२ मिलिॲम्पिअर-तास मिळतात, आणि ग्रॅफाईटची सैद्धांतिक क्षमता म्हणून हाच आकडा सर्वत्र दिला जातो.

येथे एक प्रश्न वर्गापुढे जरूर ठेवावा. लिथियम जाते, पण सोडिअम ग्रॅफाईटच्या थरांत जवळजवळ जात नाही. सोडिअम-आयन बॅटरीसाठी म्हणूनच थरांची इतकी नीट मांडणी नसलेला ‘हार्ड कार्बन’ वापरतात. विद्यार्थी लगेच म्हणतील की सोडिअमचा आकार मोठा आहे. त्यांना सांगावे की पोटॅशिअमचा आकार त्याहूनही मोठा आहे, आणि ते आठ कार्बन अणूंमागे एक या प्रमाणात थरांमध्ये सहज जाते. म्हणजे जागेची अडचण हे कारण असू शकत नाही. अणूला धातूतून सुटायला आणि इलेक्ट्रॉन गमवायला किती ऊर्जा लागते, आणि थरांत बसल्यावर त्याला किती ऊर्जा परत मिळते, या दोहोंचा ताळमेळ लिथियम आणि पोटॅशिअमच्या बाबतीत जमतो, सोडिअमच्या बाबतीत जमत नाही.